सरकारच्या जावयाचा हिशोब

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या विहारात अभ्यासवर्ग होता. विषय होता राज्यघटनेतली मार्गदर्शक तत्त्वं. बोलून झालं, चहा आला, आणि मागे भिंतीला टेकून बसलेला एक पोरगा उठला. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाला, "काका, एक विचारू का? मी शिष्यवृत्तीवर शिकतो. म्हणजे सरकारच्या पैशावर शिकतो. मग माझ्यावर सरकारचे उपकार आहेत का नाहीत?"

दोघंतिघं हसले. एक कार्यकर्ता तावातावानं म्हणाला, "उपकार कसले? हक्क आहे आपला!" टाळ्या पडल्या. पण पोरगा खाली बसला नाही. "हक्क आहे हे मला पाठ आहे," तो म्हणाला, "पण वर्गात कुणी 'सरकारचा जावई' म्हटलं की माझी मान खाली जाते. ती का जाते? हक्काच्या वस्तूची लाज वाटते का कुणाला?"

त्या दिवशी मी त्याला धड उत्तर दिलं नाही. वेळ झाला म्हणून सभा आटोपली. घरी येताना वाटलं, प्रश्न त्यानं बरोबर विचारला होता आणि आपण त्याला घोषणा दिली. घोषणा मोर्चात चालते. रात्री एकटं पडल्यावर मान का खाली जाते, याला घोषणा पुरत नाही. तेव्हा हा लेख म्हणजे ते राहिलेलं उत्तर आहे. त्या पोरासाठी आहे, आणि थोडं माझ्यासाठीही.

आधी त्या जावयाचं बघू.

आपल्या मुलखात जावई म्हणजे कोण, हे कुणाला सांगायला नको. जावई न मागता पाटावर बसतो. त्याच्यासाठी पुरण शिजतं. धोंड्याच्या महिन्यात त्याला तेहतीस अनारसे मिळतात, वर धोतरजोडी. तो रुसला तर सासरा हात जोडतो. आता मला सांगा, कुठल्या सासऱ्यानं जावयाला तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला आणायला लावलाय? जातीचा दाखला, रहिवासी दाखला, बोनाफाईड, मागच्या वर्षाचं मार्कमेमो, बापाचा अंगठा, एवढं सगळं जोडल्याशिवाय ताट मिळणार नाही, असं कुठल्या जावयाला सांगतात? आणि त्यातूनही 'त्रुटी आहे' म्हणून ताट परत नेतात? जुलैत जेवायला बोलावून मार्चमध्ये वाढतात?

म्हणजे आम्ही जावई नाही, एवढं तर उघड आहे. मग सरकारचा खरा जावई कोण?

अनुदानित कॉलेज घ्या. तिथल्या प्राध्यापकांचा पगार सरकारी तिजोरीतून जातो. त्या वर्गात बसलेला वकिलाचा पोरगा, कारखानदाराचा पोरगा, बागायतदाराचा पोरगा जी फी भरतो, तिच्यातून त्याच्या शिक्षणाचा खर्च निघत नाही. उरलेला खर्च सरकार भरतं. म्हणजे त्यालाही ग्रँट मिळते. फक्त ती त्याच्या नावानं येत नाही, भिंतीतून येते, बाकातून येते, प्रयोगशाळेच्या नळ्यांतून येते. तिच्यासाठी अर्ज नाही, रांग नाही, नोटीसबोर्डावर यादी नाही. ज्याची ग्रँट दिसत नाही तो गुणवंत ठरतो आणि ज्याची ग्रँट नोटीसबोर्डावर लागते तो जावई ठरतो. दोघंही एकाच तिजोरीवर शिकतात.

२०१६ साली महाराष्ट्र सरकारनं राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं खुल्या वर्गातल्या कमी उत्पन्नाच्या मुलांसाठी फीची योजना आणली. चांगलंच झालं. गरीब पोरगं कुठलंही असो, त्यानं शिकलं पाहिजे. पण त्या योजनेवर शिकणाऱ्याला जावई म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. म्हणजे डाचतो तो पैसा नव्हे. कुणाच्या हातात पडला, ते डाचतं.

दुसरी गोष्ट, हा पैसा आहे कुणाचा? हा प्रश्न महात्मा फुल्यांनी १८८२ सालीच हंटर कमिशनपुढे मांडला होता. सरकारची तिजोरी भरते रयतेच्या घामानं, आणि त्यातून वरिष्ठ वर्गांचं उच्च शिक्षण होतं, रयतेच्या पोराला अक्षर मिळत नाही, असा त्यांच्या निवेदनाचा गाभा आहे. त्याच निवेदनात ते शिष्यवृत्त्यांवरही बोललेत. ज्यांना आधीच शिक्षणाची गोडी लागलेली आहे त्यांनाच चढाओढीनं शिष्यवृत्त्या मिळतात, ही पद्धत दिसायला न्यायाची आहे, पण तिनं इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही; ज्या जातींत शिक्षण पोचलेलंच नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या ठेवा, असं त्यांचं मागणं होतं. आज 'मेरिट मेरिट' म्हणून जो आवाज निघतो त्याला हे उत्तर सव्वाशेहून जास्त वर्षं जुनं आहे.

आणि त्याच्याही मागं जाऊ. पेशवाईत दर श्रावणात पुण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. विद्येसाठी, शास्त्रासाठी, असं म्हणून. तीही सरकारी तिजोरीतूनच. १८१८ साली पेशवाई बुडाली, तरी इंग्रजांनी ती एकदम बंद केली नाही. त्याच निधीच्या आधारानं १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. म्हणजे शिकणाऱ्याला राज्यानं पैसा देणं ही काही आमच्यासाठी काढलेली नवी रीत नाही. पण फरक बघा. दक्षिणा देताना देणारा वाकायचा आणि घेणारा आशीर्वाद द्यायचा. शिष्यवृत्ती घेताना घेणारा वाकतो आणि देणारा खिडकीतून खेकसतो. पैसा तोच, तिजोरी तीच, वाकणारा तेवढा बदलला.

आता पोराच्या मुख्य प्रश्नाला येतो. हक्काच्या वस्तूची लाज का वाटते?

याचं उत्तर आपल्या आज्या-पणज्यांच्या बलुत्यात आहे. महारानं गावचं काम केलं. वेस राखली, सांगावा पोचवला, सारा घेऊन तालुक्याला गेला, मेलेलं ढोर ओढलं. त्या कामाबद्दल धान्य मिळायचं. त्याला हक्क असंच म्हणायचे. महारांच्या बावन्न हक्कांची गोष्ट म्हाताऱ्यांनी आपल्याला सांगितलेली आहे. शब्द हक्काचाच होता. पण तो हक्क घ्यायचा कसा? घोंगडं पसरून, खळ्याच्या बाहेर उभं राहून, 'जोहार मायबाप' म्हणून. भाकर वरून टाकणार. उरलेली, शिळी. केलेल्या कामाची मजुरी भीक होऊन हातात पडायची. गावानं हक्क नाकारला नव्हता. देण्याची तऱ्हा अशी ठेवली की घेणाऱ्याला हक्क आहे हे आठवूच नये. पिढ्यान् पिढ्या असं घेतल्यावर माणूस मजुरी घेतानाही उपकाराचं तोंड करतो.

म्हणूनच बाबासाहेब महार वतनाच्या मागं लागले. १९२८ साली त्यांनी मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं. पुष्कळांना तेव्हा कळेना की हातचा हक्क सोडायला हा माणूस का सांगतोय. बाबासाहेबांना दिसत होतं की त्या हक्कानंच माणूस बांधला गेलाय.

मित्रा, तुझी मान खाली जाते ती या जुन्या सवयीनं. शिष्यवृत्तीचा कायदा हक्काचा आहे, पण खिडकी खळ्याचीच आहे. तिथं बसलेला माणूस स्वतःच्या घरातून काढून दिल्यासारखं देतो आणि तू पण नकळत घोंगडं पसरतोस. तुला लाज वाटते याचा अर्थ तू काही चुकीचं घेतोस असा नाही. देणाऱ्यानं चुकीच्या तऱ्हेनं दिलं, एवढाच त्याचा अर्थ.

कुणी म्हणेल, बाबासाहेब पण शिष्यवृत्तीवरच शिकले. त्यांनी सयाजीरावांचं ऋण मानलंच की. मग तुम्हाला आभार मानायला काय होतं?

हा आक्षेप टाळून चालणार नाही. १९१३ साली बाबासाहेबांनी बडोदा संस्थानाशी करार केला. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. करार पाळायला ते १९१७ च्या सप्टेंबरात बडोद्याला गेले. पुढचं आपल्याला माहीत आहे. ऑफिसातला शिपाई फाइली लांबून टाकायचा. राहायला जागा मिळेना म्हणून पारशाच्या सराईत उतरले, तर काठ्या घेऊन माणसं आली आणि त्यांना बाहेर काढलं. कोलंबियाचा पदवीधर बागेत झाडाखाली बसून रडला. तिजोरीनं पैसे दिले, पण त्या गावानं बसायला चटई दिली नाही. शिष्यवृत्ती देणं आणि माणूस मानणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा तिथंच मिळाला.

आणि तरी बाबासाहेबांनी सयाजीरावांचं आणि शाहू महाराजांचं ऋण कधी नाकारलं नाही. का? कारण त्या दोघांनी आपल्या गादीच्या, आपल्या भोवतालच्या लोकांच्या विरुद्ध जाऊन हात पुढं केला होता. शाहू महाराजांनी १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी वसतिगृह काढलं, १९२० साली 'मूकनायक'ला मदत केली, त्याच साली माणगावच्या परिषदेत उघडपणे बाबासाहेबांच्या पाठीशी उभे राहिले. अशा माणसाच्या धैर्याचे आभार मानावेत, त्यात कमीपणा नाही. कृतज्ञता माणसाची माणसाशी असते. आजचं सरकार म्हणजे असा कुणी माणूस नाही. ती आपली सगळ्यांची व्यवस्था आहे, आणि छेचाळिसाव्या कलमानं तिच्यावर अनुसूचित जाती-जमातींच्या शिक्षणाची खास काळजी घ्यायची जबाबदारी टाकली आहे. जबाबदारी पार पाडणाऱ्याला पोचपावती देतात, आरती ओवाळत नाहीत.

बाबासाहेबांनी स्वतः काय केलं ते बघा. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री झाले. अनुसूचित जातींच्या तक्रारींचं निवेदन त्यांनी सरकारपुढं ठेवलं. त्यात आमची मुलं गरीब आहेत, दया करा, असा सूर नव्हता. अलीगढच्या आणि बनारसच्या विद्यापीठांना तुम्ही किती देता, आणि आमच्या समाजाच्या शिक्षणासाठी काय देता, असा सरळ हिशोब मांडला. त्यातून वर्षाला तीन लाख रुपये मंजूर करून घेतले. मुलं परदेशी शिकायला गेली. १९४४ पासून मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती सुरू झाली. आज तू जो अर्ज भरतोस तो त्या हिशोबाच्या कागदाचा वारस आहे. घोंगडं पसरून मागितलेला तो पैसा नाही. हिशोबाची वही समोर ठेवून वसूल केलेला आहे.

इथवर टाळ्या पडतील. पण मला इथं थांबायचं नाही. कारण 'हक्क आहे, मग मी कुणाचं काही देणं लागत नाही' असं म्हणणारे आपल्यातच फार झालेत. नोकरी लागली, फ्लॅट झाला, वस्तीकडे पाठ झाली. विचारलं तर म्हणतात, मी कुणाचे उपकार घेतले नाहीत, घटनेनं दिलं ते घेतलं. वाक्य खरं आहे आणि माणूस खोटा आहे. हे दोन्ही एकाच वेळी कसं होतं, ते मला माझ्या एका पँटनं शिकवलं.

१९८४ साल. मी जिल्ह्याच्या गावी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. जुलैत शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. खानावळीचे पैसे दर महिन्याला द्यावे लागत, शिष्यवृत्ती काही दर महिन्याला येत नव्हती. ऑफिसात विचारलं की 'वरून आलं नाही' हे एकच उत्तर. एकदा जरा जोरानं विचारलं तर क्लार्क म्हणाला, "फुकटचं खाता आणि वर घाई करता!" मी मुकाट्यानं बाहेर आलो. दिवाळीला गावी गेलो तेव्हा मायला म्हणालो, खानावळवाला ताट बंद करतो म्हणतो. माय काही बोलली नाही. धाकटी बहीण सातवीत होती. दिवाळीची सुटी संपली, ती शाळेत गेली नाही. मायबरोबर कापूस वेचायला गेली. दोघींच्या मजुरीतून मला मनीऑर्डर येऊ लागली. 'दादाचे पैसे आले की जाईन शाळेत' असं ठरलं होतं म्हणे. पैसे आले मार्चमध्ये. तोवर तिची सातवी बुडाली. बुडाली ती बुडालीच.

मार्चमध्ये सगळे महिने एकदम आले. एवढे पैसे मी आयुष्यात एकदम पाहिले नव्हते. खानावळीची उधारी फेडली, घरी थोडे पाठवले, आणि नव्वद रुपयांची एक पँट शिवून घेतली. टेरिकॉटची, खाली रुंद. वर्गातल्या पोरांसारखी. दोन मित्रांना घेऊन सिनेमाला गेलो.

ती पँट मला पुढं तीस वर्षं टोचत राहिली. लोकांना वाटतं मी शिष्यवृत्तीवर शिकलो. मी शिकलो बहिणीच्या सातवीवर. आणि तिच्या बदल्यात आलेल्या पैशाची मी पँट घेतली. चळवळीत भाषणं केली, वस्तीत वर्ग चालवले, तरी हे कुणाला सांगितलं नाही. शेवटी काही वर्षांपूर्वी तिच्याकडे गेलो असताना एकदाचं बोलून टाकलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली,

"मला काय नवं सांगतो दादा? पँट तर म्याच धुतली व्हती."

मी गप्प. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "पँटीचं कामून घेऊन बसलास? तुला नीट कापड नव्हतं, घेतलं. पर पैसे सात-आठ महिने कुठं बसले व्हते, हे इचारलंस का कुणाला?"

नव्हतं विचारलं. तीस वर्षांत कधीच विचारलं नव्हतं. स्वतःला नव्वद रुपयांचा हिशोब रोज विचारला, आणि ज्यानं माझ्या बहिणीची सातवी खाल्ली त्याला एकदाही विचारलं नाही. सातवी बुडालेल्या बाईला जे दिसलं ते मला ग्रॅज्युएटला दिसलं नाही. त्या दिवशी कळलं की लाज काय काम करते. लाज वाटली की माणूस स्वतःच्या खिशाची झडती घेत बसतो आणि खिडकीमागचा सुटतो.

म्हणून उशिराकडे नीट बघा. वेळेवर न आलेला पैसा म्हणजे नुसती ऑफिसातली ढिलाई नव्हे. तेवढे महिने पोराचं पोट कुणीतरी भरतंच. मायचं मंगळसूत्र भरतं, सावकार भरतो, बहिणीची शाळा भरते. म्हणजे सरकार जे द्यायचं ते देत नाही, उलट तेवढे महिने गरीबच सरकारला बिनव्याजी उसनं देतो. मग सांगा, उपकार कुणाचे कुणावर?

रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात गेला. त्याच्या शेवटच्या पत्रात सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा आकडा आहे, एक लाख पंच्याहत्तर हजार. ते पैसे घरच्यांना मिळावेत, आणि त्यातून एका मित्राचे चाळीसेक हजार द्यायचे आहेत, असं त्यानं लिहिलंय. जगातून जाणारा पोरगा मित्राचं देणं विसरला नाही. त्याचं देणं मात्र सात महिने थकलं होतं. आपल्यातला देणेकरी कोण आणि बुडवणारा कोण, हे त्या एका पत्रात मांडलेलं आहे.

आता पुष्कळ बदललंय असं म्हणतात. खिडकी गेली, पोर्टल आलं. महाडीबीटीवर अर्ज भरायचा, पैसे बँकेत जमा. क्लार्कचं खेकसणं वाचलं, हे खरंच आहे. पण 'वरून आलं नाही' याच्या जागी आता 'पेंडिंग' असं लिहून येतं. खिडकीशी निदान भांडता यायचं, पडद्याशी भांडता येत नाही. २०२० च्या डिसेंबरात केंद्रानं या शिष्यवृत्तीचा खर्च साठ टक्के केंद्र आणि चाळीस टक्के राज्य असा वाटून घेतला. पाच वर्षांत ५९,०४८ कोटी आणि चार कोटींवर विद्यार्थी, असा तेव्हा जाहीर केलेला आकडा. ऐकायला डोंगराएवढा. भागाकार करून बघा, डोक्यामागं पंधरा हजार पण पडत नाहीत. हा भागाकार आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ पाहिजे.

आणि या पैशावर खरोखर फुकट जगणारे कोण, तेही विसरू नका. आमच्या नावावर शिष्यवृत्ती उचलून संस्थाचालक ती खातात, अशा तक्रारी इतक्या वाढल्या की महाराष्ट्र सरकारला २०१६ साली विशेष चौकशी पथक नेमावं लागलं. त्या संस्थाचालकांना कुणी जावई म्हटलं नाही. त्यांना शिक्षणमहर्षी म्हणतात.

तर मित्रा, आता तुझं उत्तर. हिशोबाच्या वहीला दोन पानं असतात. एका पानावर सरकार. तिथं तू काही देणं लागत नाहीस. मान वर करून घे. उशीर झाला तर तारखा लिहून ठेव, अर्ज कर, माहिती अधिकारात विचार, चार जण मिळून जा. घेतलेल्या पैशाची पँट शिवलीस का पुस्तक घेतलंस, हे विचारायचा अधिकार खिडकीतल्या माणसाला नाही. गरिबाच्या पोरानं नेहमी गरीबच दिसलं पाहिजे असं कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही.

दुसऱ्या पानावर तुझी वस्ती आहे. दहावीच्या आत गळालेली सगळी पोरं-पोरी आहेत. शिष्यवृत्ती मॅट्रिकनंतरची आहे, हे लक्षात घे. म्हणजे जो मॅट्रिकपर्यंत पोचला त्यालाच ती मिळते. ज्यांच्या खांद्यावर पाय देऊन तू पोचलास ते खालीच राहिले. १९४२ साली बाबासाहेबांनी जो पैसा वसूल केला तो समाजाच्या नावावर केला, तुझ्या-माझ्या नावावर नाही. तू त्यातला तुझा वाटा उचललास. वाटा उचलणारा सरकारचा नसला तरी भावंडांचा देणेकरी असतो. १८ मार्च १९५६ ला आग्र्याच्या सभेत बाबासाहेब शिकलेल्या लोकांनी आपल्याला दगा दिला म्हणून कळवळून बोलले. ते कळवळणं याच दुसऱ्या पानाबद्दलचं होतं.

हे देणं फेडायचं कसं? फार मोठं काही सांगत नाही. जुलैत वस्तीतल्या विहारात टेबल टाकून बसा. पोरांचे अर्ज भरून द्या, त्रुटी निघाली तर पाठपुरावा करा. कुणाचे पैसे किती महिने थकले याची वही ठेवा आणि ती वही घेऊन समाजकल्याणच्या ऑफिसात जा. आठवी-नववीच्या पोरीचं नाव हजेरीतून गळालं की त्याच आठवड्यात तिच्या घरी जा, पुढच्या जयंतीची वाट बघू नका. ज्यांचं बरं चाललंय त्यांनी खोटा उत्पन्नाचा दाखला काढू नये. तिथं फसतं ते सरकार नाही, तिथं शेजारच्या झोपडीतलं ताट उचललं जातं. हे जसं मला कडू लागतं तसं तुम्हालाही लागेल, पण बोललंच पाहिजे.

आणि एक पथ्य पाळा. हे करताना 'मदत' हा शब्द वापरू नका. आपण मदत करतोय म्हटलं की आपण खिडकीच्या आत जाऊन बसलो. मग समोरचं पोरगं आपल्यापुढंही मान खाली घालील. आपण देणं फेडतोय, एवढंच म्हणा. वाढणाऱ्यानं ताट कसं ठेवावं हे बलुत्यानं आपल्याला पुरेसं शिकवलंय.

पुढच्या अभ्यासवर्गाला बहिणीला घेऊन येणार आहे. तिला विचारलं, पोरांशी दोन शब्द बोलशील का? म्हणाली, "मला भाषण येत नाही. म्या फक्त इचारीन, कुणाकुणाचे पैसे यायचे राहिलेत म्हणून."

वह्या घेऊन या.

जयभीम.